खाणीचा लाल गाळ माठात टाकू नका, कृपा करून

विदर्भात सावनेर, खापरखेडा, उमरेड, इकडे वणीपर्यंतच्या ग्रुपवर एक मेसेज फिरून राह्यला आहे, तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात असा: खाणीतून येणारं लाल-केशरी पाणी घाण नसतं, त्यातलं लोह आर्सेनिक, शिसं, कॅडमियम असं सगळं विष स्वतःकडे ओढून घेतं म्हणून ते निसर्गानंच शुद्ध केलेलं पाणी आहे, जितकं लाल तितकं शुद्ध. नाल्याच्या काठचा लाल गाळ वाळवून फडक्यात बांधून माठात ठेवा, आरओ लागत नाही आणि रक्तही वाढतं. उरलेला गाळ संत्र्याच्या बुडाशी टाका. वेकोलि (कोळसा काढणारी सरकारी वेस्टर्न कोलफील्ड्स कंपनी) स्वतः खाणीचं पाणी बाटलीत विकते मग आपण काहून घाबरायचं. आणि शेवटी नेहमीचंच, की हे सगळं आरओवाल्या कंपन्यांनी दाबून ठेवलं आहे. सोबत एका केशरी नदीचा फोटो, आणि 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं'. कोणत्या, कुठल्या, कधी, काही नाही.

माझ्या मावशीनं तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, "बाई, सुनेला सातवा महिना आहे, एचबी नऊच्या खाली आलं म्हणे, नाल्यावरचा गाळ आणून ठेवू काय माठात?" म्हणून हे लिहून राह्यली आहे. मी जिऑलॉजी शिकले, पाण्याचे रिपोर्ट वाचणं माझ्या कामाचा भाग आहे, आणि हा मेसेज मला नुसता चुकीचा वाटत नाही, धोक्याचा वाटतो. मावशीला फोनवर सांगून झालं. पण तिला ज्यांनी पाठवला त्यांनी अजून पन्नास जणांना पाठवलाच असेल.

आधी जे खरं आहे ते मान्य करते, कारण त्या अर्धसत्याच्या जोरावरच बाकीचं सगळं खपून राह्यलं आहे.

लोह विष पकडतं हे खरं आहे. कोळशात, तांब्या-जस्ताच्या खनिजात पायराइट असतं, लोह आणि गंधकाचं, पिवळं चमकणारं. जमिनीत बंद आहे तोवर ते शांत असतं. खाण उघडली, हवा आणि पाणी दोन्ही लागले की त्यातल्या गंधकाचं सल्फ्युरिक आम्ल होतं, लोह पाण्यात विरघळतं, आणि त्या आम्लात आजूबाजूच्या दगडातलं जे काही असेल, आर्सेनिक, शिसं, जस्त, कॅडमियम, निकेल, तेही विरघळून सोबत वाहायला लागतं. काही बॅक्टेरिया या लोहावरच जगतात, त्यांच्यामुळे हे काम कितीतरी पट वेगानं चालतं. मग हे पाणी उघड्यावर येतं, विरघळलेलं फेरस लोह हवेनं आणि बॅक्टेरियानं फेरिक होतं, आणि फेरिक लोहाला पाण्यात फारसं विरघळून राहता येत नाही, ते केशरी-लाल गाळ होऊन तळाला बसतं. हा गाळ म्हणजे एकच पदार्थ नाही. पाणी फार आम्ल असेल तर जॅरोसाइट होतं, पीएच (आम्लपणाचं माप, सातच्या जितकं खाली तितकं पाणी आम्ल) तीन-चारच्या आसपास असेल तर श्वेर्टमनाइट (जर्मन मृदाशास्त्रज्ञ उडो श्वेर्टमन यांच्या नावाचं खनिज, फिनलंडमधल्या प्युहासाल्मी खाणीतून ओळखलं गेलं), त्याच्या वर फेरिहायड्राइट, आणि बराच काळ गेला की यातल्या बऱ्याचशाचं गोएथाइट होतं. कण इतके बारीक असतात की एक ग्रॅम फेरिहायड्राइटचा पृष्ठभाग 200 चौरस मीटरच्या वर भरतो, म्हणजे दोन हजार चौरस फुटांहून जास्त. त्या पृष्ठभागावर आर्सेनिक घट्ट बसतं. श्वेर्टमनाइटमधे तर ते आतल्या सल्फेटला बाहेर काढून त्याची जागा घेतं. निसर्गात हे होतं, जगभर मोजलेलं आहे, यावर वाद नाही.

आता हेच किती होतं ते पाहा. फ्रान्सच्या दक्षिणेला गार भागात कार्नुलेस नावाची शिसं-जस्ताची जुनी खाण आहे, 1962 मधे बंद झाली. मागे सुमारे 15 लाख टन टाकाऊ चुरा एका बांधामागे पडून आहे आणि त्या बांधाच्या पायथ्यातून रेगू नावाचा ओढा निघतो. लोह आर्सेनिक कसं पकडतं हे या ओढ्यावर वर्षानुवर्षं अभ्यासलं गेलं आहे, मेसेजवाल्यांना खरंच पुरावा पाहिजे असता तर हाच दिला असता. तिथल्या पाण्यात दर लिटरमागे 80 ते 350 मिलिग्रॅम आर्सेनिक मोजलं आहे. पहिल्या 30 मीटरातच लोहाचा गाळ त्यातलं 20 ते 60 टक्के आर्सेनिक पाण्यातून काढून घेतो, आणि तेही कोणतंही मशीन न लावता. मोठीच गोष्ट आहे. पण हिशोब करा नं. सगळ्यात कमी आकडा 80 घ्या, सगळ्यात चांगली पकड 60 टक्के घ्या, तरी 32 मिलिग्रॅम उरतं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा आहे 0.01 मिलिग्रॅम. म्हणजे निसर्गानं त्याचं काम सगळ्यात चांगलं केल्यानंतरसुद्धा पाणी मर्यादेच्या 3,200 पट विषारी. "पकडतं" आणि "शुद्ध करतं" यात एवढं अंतर आहे.

आणि जे पकडलं ते गेलं कुठे? तिथल्या गाळात वजनाच्या 20 टक्क्यांच्या आसपास आर्सेनिक सापडलं आहे. वीस टक्के. एक ग्रॅम गाळात 200 मिलिग्रॅम. एवढं आर्सेनिक विरघळून पोटात गेलं तर मोठा माणूस मरू शकतो. आपल्या नाल्यातला गाळ कार्नुलेससारखा आहे असं मी म्हणत नाही, ते टोकाचं उदाहरण आहे. पण मेसेज ज्या शास्त्राचा हवाला देतो ते शास्त्र हेच सांगतं की पाण्यातलं विष गाळात जाऊन बसतं. घरातली फरशी पोछ्यानं पुसली की फरशी स्वच्छ होते हे खरं, पण म्हणून तो पोछा कोणी पिण्याच्या पाण्यात बुडवून ठेवत नाही.

तर आता माठावर येते, कारण या मेसेजमधलं सगळ्यात भयंकर वाक्य तेच आहे.

गाळ विष पकडतो ते एका विशिष्ट परिस्थितीत. परिस्थिती बदलली की सोडतो. नाल्यातल्या आम्ल पाण्यात तयार झालेला गाळ तुम्ही आपल्या विहिरीच्या पाण्यात टाकता. आपल्याकडचं पाणी जड, काळ्या दगडातून आलेलं, पीएच बहुतेक सातच्या वरच. श्वेर्टमनाइटला असं पाणी सोसत नाही, ते मोडायला लागतं, त्यातलं सल्फेट आणि आम्ल बाहेर पडतं आणि त्याचं गोएथाइट होत जातं, ज्याचा पृष्ठभाग पुष्कळ कमी. आर्सेनेटची, म्हणजे आर्सेनिकच्या एका प्रकाराची, लोहावरची पकडही पीएच वाढत गेला की सैल होते. म्हणजे ज्या पाण्यात तो गाळ घट्ट धरून बसला होता ते पाणी आणि तुमच्या माठातलं पाणी, दोन्ही वेगळे. प्रयोग कोणत्या पाण्यात झाला आणि तुम्ही कोणत्या पाण्यात करून राह्यले, हा प्रश्न मेसेज लिहिणाऱ्याला पडलाच नाही.

दुसरं त्याहून वाईट. हवा बंद झाली की लोहाचा गाळ विरघळतो. ओल्या, दाबून बांधलेल्या पुरचुंडीत, जिथे काडीकचरा, शेवाळ, नाल्यातले बॅक्टेरिया सगळं सोबत आलेलं असतं, तिथे आतला ऑक्सिजन संपतो. मग काही बॅक्टेरिया ऑक्सिजनच्या ऐवजी फेरिक लोह वापरतात, ते पुन्हा फेरस होऊन पाण्यात जातं, आणि त्याच्या अंगावर बसलेलं आर्सेनिक मोकळं होतं. ही माझी कल्पना नाही. पश्चिम बंगाल आणि बांगलादेशमधे कोट्यवधी लोकांना आर्सेनिकचं पाणी प्यावं लागलं ते याच कारणानं. हिमालयातून आलेल्या नदीच्या गाळात लोहाच्या कणांवर आर्सेनिक बसलेलं होतं, वर्षानुवर्षं कोणाला त्रास नव्हता, जमिनीखाली जिथे सेंद्रिय पदार्थ जास्त आणि ऑक्सिजन नाही तिथे लोह विरघळलं, आर्सेनिक भूजलात उतरलं, आणि ट्यूबवेलनं ते पाणी वर आणलं. हातापायावर डाग, तळव्यांवर कडक गाठी, पुढे कॅन्सर. लोहानं पकडलेलं विष कायमचं पकडलेलं असतं असं ज्याला वाटतं त्यानं बंगालचं एवढं वाचावं.

तिसरं. पुरचुंडीतून बारीक कण पाण्यात येणारच, फडक्यानं ते थांबत नाहीत. ते कण पोटात जातात आणि पोटातलं आम्ल बहुतेक खाणींच्या पाण्याहून तीव्र असतं. तिथे गाळ काही प्रमाणात विरघळतो आणि जे धरलं आहे ते सोडतो.

चौथं, लोह सगळं पकडतच नाही. आम्ल पाण्यात जस्त, कॅडमियम, निकेल हे गाळावर फारसे बसत नाहीत, पाण्यासोबत पुढे निघून जातात. पीएच वाढला तर थोडे थोडे बसतात. मॅंगनीज तर पीएच चांगला वर जाईपर्यंत विरघळलेलंच राहतं, आणि आपल्याकडे मनसर, कांद्री, गुमगावचा पट्टा मॅंगनीजचाच आहे. आर्सेनिकचेही दोन प्रकार असतात, आर्सेनेट आणि आर्सेनाइट, त्यातलं जास्त विषारी आर्सेनाइट आम्ल पाण्यात लोहाला कमी चिकटतं. आणि विदर्भातल्या विहिरींचा रोजचा त्रास काय आहे? फ्लोराइड आणि नायट्रेट. नायट्रेट या गाळानं निघत नाही. फ्लोराइडवर भरवसा ठेवण्याइतकाही परिणाम होत नाही. जुलाबाचे जंतू तर नाल्यातून तुम्हीच घरी आणून राह्यले.

आता रक्त वाढण्याचं. मला सगळ्यात जास्त राग या ओळीचा आला, कारण ती ज्यांना लागते त्या बाया आधीच घाबरलेल्या असतात. गाळातलं लोह म्हणजे फेरिक ऑक्साइड-हायड्रॉक्साइड, गंजाच्या घरातलं. शरीर ते अगदी थोडं घेतं. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला जी लाल गोळी मिळते तिच्यात 60 मिलिग्रॅम लोह असतं, शरीराला घेता येईल अशा क्षाराचं, आणि 500 मायक्रोग्रॅम फोलिक अॅसिड. दुसऱ्या तिमाहीपासून रोज एक, 180 दिवस. फुकट मिळते. मळमळतं, शौचाला काळं होतं, म्हणून बऱ्याच जणी मधेच सोडतात, हे मला माहीत आहे. त्यावर उपाय म्हणजे आशाताईंशी किंवा डॉक्टरांशी बोलून गोळीची वेळ बदलणं, रात्री जेवणानंतर घेणं, गोळीसोबत चहा न पिणं. गाळ हा उपाय नाही. आर्सेनिक आणि शिसं दोन्ही वारेतून बाळापर्यंत जातात. सातव्या महिन्यात बाईला कोणी नाल्याचा गाळ पाण्यात घालून देऊन राह्यलं आहे, ही कल्पनाच मला सहन होत नाही, आणि मेसेज पाठवणाऱ्यांनी दोन मिनिटं थांबून याचा विचार करायला पाहिजे होता.

कोणी म्हणेल, मग लोहाचे फिल्टर असतात ते? असतात, आणि चांगले असतात. आयआयटी मद्रासचे प्राध्यापक टी. प्रदीप यांच्या टीमनं 'अमृत' नावाचं तंत्रज्ञान काढलं, आर्सेनिक काढायला लोहाचंच ऑक्सिहायड्रॉक्साइड वापरतात, अगदी बारीक कणांचं. त्यांना 2020 मधे पद्मश्री मिळाला. बांगलादेशचे अबुल हुसाम यांच्या सोनो फिल्टरमधेही लोहच आहे, त्याला 2007 मधे ग्रेंजर चॅलेंजचं 10 लाख डॉलरचं बक्षीस मिळालं. तत्त्व तेच आहे, हे नाकारत नाही. पण तिथलं लोह स्वच्छ बनवलेलं असतं, त्याच्यावर आधीच काही बसलेलं नसतं, किती लिटर पाण्यानंतर ते भरतं हे मोजलेलं असतं, भरलं की बदलतात, आणि बाहेर पडणारं पाणी तपासतात. नाल्यातला गाळ म्हणजे आधीच वापरून झालेला फिल्टर. तो किती भरला आहे, कशानं भरला आहे, कोणी मोजलं नाही.

शेताकडे येते, कारण तिथेही नुकसान होणार आहे.

संत्र्याची पानं पिवळी पडतात, शिरा हिरव्या राहतात, ही लोहाची कमतरता असू शकते हे बरोबर, काटोल-नरखेड-वरूडकडे हे सगळ्यांना माहीत आहे. पण आपली काळी माती ज्या बेसाल्टपासून झाली त्यातच लोह दहा टक्क्यांच्या आसपास असतं. जमिनीत लोह कमी नाही, चुनखडीमुळे ते झाडाला उचलता येत नाही. त्याच जमिनीत अजून न विरघळणारं लोह टाकून काय होणार? म्हणून तर फेरस सल्फेटची किंवा चिलेटेड (झाडाला उचलता येईल अशा रूपातल्या) लोहाची फवारणी करतात. लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था अमरावती रोडवर आहे, आपल्या नागपुरात, पान घेऊन जाऊन विचारा, पण नाल्याचा गाळ टाकू नका. वरून तुम्ही बागेत डीएपी, म्हणजे फॉस्फेटचं खत, देता. फॉस्फेट आणि आर्सेनेट लोहावर एकाच जागेसाठी भांडतात, फॉस्फेट जास्त पडलं की आर्सेनेट जागा सोडून मातीच्या पाण्यात येतं.

आणि धानाच्या बांधीत तर चुकूनही नाही. मौदा, रामटेक, पुढे भंडारा-गोंदिया, पाणी भरून ठेवलेली बांधी म्हणजे ऑक्सिजन नसलेली माती. तिथे लोह विरघळतं हे मी बंगालचं सांगितलं तसंच. सुटलेलं आर्सेनिक धान चांगलंच ओढून घेतं, दाण्यात कमी आणि तणसात जास्त, आणि तणस आपण जनावरांना घालतो. एकदा गाळ बांधीत मिसळला की तो परत गोळा करता येत नाही.

रंगाचं झटपट. लाल म्हणजे शुद्ध नाही, आणि पारदर्शक म्हणजेही शुद्ध नाही. आम्ल पाण्यात लोह विरघळलेलं असतं तेव्हा ते काचेसारखं साफ दिसतं आणि तेच सगळ्यात खराब असू शकतं. लाल होतं ते पुढे जाऊन. मेघालयातली लुखा नदी हिवाळ्यात निळीशार दिसते, तिच्या वरच्या अंगाला जैंतिया हिल्सच्या कोळसा खाणी आहेत. तो मेसेजमधला फोटो विदर्भातला वाटतच नाही, स्पेनच्या रिओ टिंटोसारखा दिसतो, आणि त्या नदीचं पाणी पीएच दोनच्या आसपासचं आहे, ते कोणी पीत नाही. उलट एक गोष्ट आपल्या बाजूनं सांगायला पाहिजे. विदर्भातला कोळसा गोंडवाना काळातला, त्यात गंधक बहुतेक ठिकाणी एक टक्क्याच्या आत, मेघालय-आसामच्या कोळशाहून कितीतरी कमी. त्यामुळे इथल्या बऱ्याचशा कोळसा खाणींचं पाणी तितकं आम्ल होत नाही, आणि गावातलं लाल पाणी कित्येकदा नुसत्या लोहाचं असतं, बोअरलाही तसं येतं. पण बाजूच्या बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीला आम्ल पाण्याचा प्रश्न आहे, आणि छत्तीसगडच्या अंबागड चौकीकडे तर खडकातूनच भूजलात आर्सेनिक येतं, ते नागपूरपासून फार लांब नाही. कोणत्या नाल्यात काय आहे ते रंगावरून कळत नाही, एवढंच मला म्हणायचं आहे.

वेकोलि पाणी विकते, हो. पाटणसावंगीला खाणीच्या पाण्यापासून 'कोल नीर' तयार होतं. पण ते आरओ लावून, सगळी प्रक्रिया करून बाटलीत भरतात. ज्या मेसेजमधे लिहिलं आहे की आरओची गरज नाही, त्यानंच आरओच्या पाण्याचा पुरावा द्यावा, आणि लोकांनी तो वाचून मान डोलवावी, याचं मला खरंच वाईट वाटतं.

निसर्ग आपोआप करतो मग प्लांट कशाला, असंही एक वाक्य त्यात आहे. इंग्लंडमधे कॉर्नवॉलला व्हील जेन नावाची टिनची खाण होती. 1991 मधे बंद झाली, पंप बंद केले, आत पाणी भरत गेलं आणि जानेवारी 1992 मधे सुमारे 5 कोटी लिटर दूषित पाणी फुटून बाहेर आलं, नदी आणि पुढची खाडी केशरी झाली. लोह तिथेही भरपूर होतं. निसर्गावर सोडून चाललं नाही, आजही तिथे चुना टाकून पाणी साफ करावं लागतं आणि गाळ वेगळा सांभाळावा लागतो. चुन्याच्या दगडाचे चर, पाणथळ जागेतली गवतं, गाळ बसायला टाक्या, अशा साध्या पद्धतीही आहेत आणि त्या लोहाच्या याच गुणावर चालतात, मी त्यांच्या बाजूचीच आहे. पण त्या सगळ्यात शेवटचं काम एकच असतं, गाळ जमा करायचा आणि तो लोकांपासून, पाण्यापासून लांब ठेवायचा. मेसेज बरोब्बर उलटं करायला सांगतो.

आरओ कंपन्यांबद्दल एकच म्हणते. गरज नसताना आरओ विकल्या जातात, त्यात पाणीही पुष्कळ वाया जातं, ही तक्रार बरोबर आहे. त्याचं उत्तर पाणी तपासणं हे आहे.

आणि तपासणं फार अवघड नाही. ग्रामपंचायतीमार्फत नमुना जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत पाठवता येतो, जलजीवन मिशनमधे कित्येक गावांत बायांना फील्ड किट वापरायला शिकवलं आहे. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. नमुन्याची बाटली लॅबकडूनच घ्या, धातूंसाठी तिच्यात आधीच आम्ल टाकावं लागतं, नाहीतर लोह बाटलीतच खाली बसतं आणि सोबत आर्सेनिकही घेऊन बसतं, रिपोर्ट खोटाच चांगला येतो. आणि लोह, मॅंगनीज, सल्फेट, फ्लोराइड, नायट्रेटसोबत आर्सेनिक वेगळं नाव घेऊन मागा, नेहमीच्या यादीत ते असेलच असं नाही. दुकानदार टीडीएस मीटर पाण्यात बुडवून दाखवतो त्यावर जाऊ नका, मर्यादेच्या पाचपट आर्सेनिक असलं तरी त्या मीटरचा आकडा हलत नाही. उकळूनही आर्सेनिक जात नाही.

ज्यांनी मेसेज वाचून आधीच गाळ माठात टाकला आहे त्यांच्यासाठी. ते पाणी आजच बंद करा. ते विहिरीजवळ, परसबागेत किंवा जनावरांच्या टाक्यात ओतू नका. माठ मातीचा असेल तर धुऊन परत वापरू नका, माती शोषून घेते, नवा घ्या. पुरचुंडी प्लास्टिकच्या जाड पिशवीत बांधून पोरं आणि गुरं पोचणार नाहीत अशा ठिकाणी ठेवा आणि ग्रामपंचायतीत सांगा. घरात गरोदर बाई किंवा लहान मूल ते पाणी पीत असेल तर डॉक्टरांना गाळाचं स्पष्ट सांगा, लाज वाटून "पाणी बदललं होतं" एवढंच म्हणू नका. आर्सेनिकची तपासणी लघवीवर होते, आणि पिणं थांबवल्यावर काही दिवसांतच ते लघवीत दिसेनासं होतं, म्हणून दवाखान्यात लगेच जा.